कुळागरातील कीटकांचे जवळून छायाचित्रण

गोव्यातील फोंडा आणि सत्तरी परिसरातील कुळागरांत, म्हणजे माड-पोफळींच्या बागांत, पावसाचा जोर ओसरल्यापासून डिसेंबरपर्यंतचा काळ कीटकांचे छायाचित्रण करण्यास अतिशय अनुकूल असतो, कारण या दिवसांत पाटांना व ओहोळांना भरपूर पाणी असते आणि पानापानांवर चतुर, टाचण्या (चतुरासारखेच, पण सडपातळ कीटक), नाकतोडे, भुंगेरे व फुलपाखरे दिसतात. मोले किंवा खोतीगाव अभयारण्यात जायचे असल्यास प्रवेशाचे व कॅमेऱ्याचे नियम आधी विचारून घ्यावे लागतात. म्हणून नवशिक्याने सुरुवात ओळखीच्या कुळागरातच करावी, असे मला मनापासून वाटते. एकाच पाटाकाठी सलग आठ दिवस जाता आले, तर तेथील कीटकांच्या सवयी कळतात, आणि त्या कळल्याशिवाय कीटकाच्या जवळ पोहोचता येत नाही.

साधनांपैकी ९० ते १०५ मिमी नाभीय अंतराची (फोकल लेंग्थची) मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून चित्र घेण्यासाठी बनवलेली लेन्स, सर्वांत सोयीची असते. तिच्या साहाय्याने एकास एक प्रमाण मिळते, म्हणजेच दहा मिलिमीटर लांबीच्या भुंगेऱ्याची कॅमेऱ्यातील सेन्सरवरची (चित्र टिपणाऱ्या पट्टीवरची) प्रतिमाही दहा मिलिमीटरच असते. स्वस्त पर्याय हवा असेल, तर साध्या ५० मिमी लेन्सच्या मागे एकूण ५० मिमी जाडीच्या एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स व कॅमेरा यांच्यामध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) लावूनही हेच प्रमाण साधता येते. मात्र तेव्हा लेन्स कीटकाच्या फार जवळ न्यावी लागते आणि तिची सावली त्याच्यावर पडते, त्यामुळे बुजऱ्या कीटकांसाठी ही जोडणी फारशी उपयोगी नाही.

खरी अडचण स्पष्टतेच्या खोलीची, म्हणजे पुढून मागे किती जाडीचा भाग स्पष्ट येतो याची, असते. फुल-फ्रेम (३६ × २४ मिमीच्या) सेन्सरवर एकास एक प्रमाणात एफ ११ अॅपर्चर (लेन्समधील प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफचा आकडा जितका मोठा, तितके ते लहान) ठेवले, तरी जेमतेम १.३ मिलिमीटर जाडीचा पट्टाच स्पष्ट दिसतो. अॅपर्चर आणखी लहान केल्यास हा पट्टा वाढतो खरा, परंतु विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) संपूर्ण चित्रच मऊ पडू लागते, म्हणून मी एफ ८ ते एफ ११ च्या पलीकडे सहसा जात नाही. त्याऐवजी कॅमेऱ्याची दिशा बदलावी. फुलपाखराने पंख मिटलेले असतील, तर सेन्सर त्या पंखांना समांतर ठेवावा, म्हणजे डोळ्यापासून पंखाच्या कडेपर्यंतचा भाग एकाच प्रतलात येतो. चेहरा समोरून टिपताना मात्र डोळे स्पष्ट आले की बाकीचे अस्पष्ट राहिले तरी चालते. ऑटोफोकस बंद करून हवे ते प्रमाण आधी ठरवावे, कोपरे बरगड्यांना टेकवावीत आणि श्वास रोखून शरीर किंचित पुढे-मागे नेत, डोळा स्पष्ट होताच चार-पाच छायाचित्रे सलग घ्यावीत. त्यांतील बहुतेक वाया जातात, आणि त्यात खंत वाटण्यासारखे काही नाही.

माड-पोफळींच्या सावलीत उजेड कमी असल्याने फ्लॅश आवश्यक ठरतो. शटर १/२०० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) २०० ते ४०० ठेवून फ्लॅशची शक्ती कमी केल्यास त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो, त्यामुळे हाताचा कंप चित्रात उतरत नाही. हा झोत उघडा ठेवू नये. त्याच्यासमोर ट्रेसिंग पेपरचा किंवा पांढऱ्या पातळ कापडाचा रुंद पडदा कीटकाच्या शक्य तितक्या जवळ धरावा, कारण पडदा कीटकाच्या दृष्टीने जितका मोठा, तितका प्रकाश मऊ पडतो. चकाकणाऱ्या अंगाच्या कीटकांच्या बाबतीत हा फरक लगेच जाणवतो. ओहोळातील दगडावर बसणाऱ्या स्ट्रीम ग्लोरी टाचणीच्या नराचे मागचे पंख उघडताच धातूसारखे हिरवे चमकतात, आणि उघड्या फ्लॅशमध्ये त्या हिरव्या रंगाच्या जागी केवळ पांढरे डाग उरतात. मागची पाने दूर असतील तर पार्श्वभूमी काळी येते, म्हणून कीटकाच्या मागे जवळच एखादे पान असेल असा कोन शोधावा.

जवळ जाताना आपली सावली कीटकावर पडू देऊ नये आणि तो बसलेल्या फांदीला धक्का लावू नये. सकाळी ऊन पाटापर्यंत पोहोचण्यापूर्वी कीटकांची अंगे तापलेली नसतात, त्यामुळे ते स्थिर बसतात. उडालेला चतुर बहुधा त्याच काडीवर परततो, म्हणून त्याचा पाठलाग न करता काडीवर फोकस साधून बसून राहावे. आंब्या-काजूची पाने शिवून केलेल्या घरट्यांजवळ तांबड्या मुंग्या टिपताना फांदीखाली उभे राहू नये, कारण त्या अंगावर पडून कडकडून चावतात. कीटक हलू नये म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवणे किंवा गोंदाने चिकटवणे ही क्रूरता आहे, आणि तसे चित्र कितीही स्पष्ट असले तरी ते काढू नये.

गोव्याच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लवकर लागते. घरी परतल्यावर ओली साधने पिशवीत बंद करून ठेवू नयेत. ती पुसून, कोरडी करून, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावीत आणि डब्यात लहान आर्द्रतामापक बसवून आतील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी.