मुंबई बंदरात रात्री शीड हाकताय? या चुका टाळा

पावसाळ्यात वर ओढून ठेवलेल्या नौका ऑक्टोबरात पाण्यात उतरतात आणि पंधरवड्यात तोच प्रश्न कानावर येतो : “मांडव्याला जेवून रात्री परत निघालो तर चालेल ना? चांदणं आहे, वाराही आहे.” चालेल की. पण मांडवा आणि गेटवे यांच्या मधून मुंबई बंदराकडे आणि न्हावाशेव्याकडे जाणाऱ्या जहाजांचा रस्ता जातो. तिथे चांदण्याचा उपयोग फोटो काढण्यापुरताच. दर हंगामात नवी माणसं येतात आणि जुन्याच चुका करतात. सांगून घसा बसला, म्हणून आता लिहून ठेवतो.

“अजून लांब आहे”

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. लांब म्हणजे किती? रात्री पाण्यावर अंतर डोळ्याने कळत नाही. कुणालाच कळत नाही, पन्नास वर्षं दर्यावर काढलेल्या तांडेलालाही नाही. त्याला दिव्यांची चाल कळते. आपण दिवा किती मोठा दिसतो ते बघत बसतो.

थोडं गणित करू. बाहेर खोल पाण्यात २० नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) येणारं कंटेनर जहाज मिनिटाला सहाशे मीटरहून जास्त कापतं. आपली नौका पाच नॉटने, म्हणजे मिनिटाला दीडशे मीटर. ५० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाच्या डोलकाठीवरचे पांढरे दिवे किमान सहा मैलांवरून दिसले पाहिजेत आणि बाजूचे लाल-हिरवे तीन मैलांवरून, असा नियम आहे. तुमच्या १२ मीटरपेक्षा लहान नौकेचे बाजूचे दिवे मात्र एक मैल दिसले तरी कायद्याला पुरे. म्हणजे तुम्ही त्याला सहा मैलांवरून बघत असता आणि तो तुम्हाला एका मैलावर बघतो, तेही त्याचं लक्ष असेल तर. तो एक मैल तो तीन मिनिटांत संपवतो. तुमची नौका फायबरची, रडारवर जेमतेम ठिपका. थोडी लाट असली तर तो ठिपकाही लाटांच्या गर्दीत हरवतो. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, अगदी पुढ्यात आलात तर ब्रिजवरून, जिथून जहाज हाकतात तिथून, पाणीच दिसत नाही. नाळेपुढचा पाचशे मीटरपर्यंतचा, किंवा जहाजाच्या दोन लांब्यांइतका, यातला जो कमी असेल तेवढा पट्टा झाकलेला असणं नियमाला मान्य आहे.

मग करायचं काय? बेअरिंग घ्यायचं, म्हणजे दिवा कंपासवर किती अंशांना दिसतो ते बघायचं. हातात धरायचा कंपास मिळतो, तो घ्या. फोनमधला नको. दिवा दिसला की बेअरिंग, दोन मिनिटांनी पुन्हा, आणखी दोन मिनिटांनी पुन्हा. आकडा सरकत असेल तर जहाज पुढून किंवा मागून निघून जाईल. आकडा तोच आणि दिवे मोठे होतायत, तर टक्कर ठरलेली आहे, फक्त वेळ व्हायची आहे. मी आकडे पेन्सिलीने कॉकपिटच्या पांढऱ्या कडेवर लिहितो. डोक्यात ठेवलेला आकडा आपल्याला हवा तसा बदलतो, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलंय. आणि एक सावधगिरी : फार लांबलचक जहाज असेल किंवा अगदी जवळ आलेलं असेल, तर बेअरिंग सरकत असूनही धोका असतो. तुम्ही दिव्याचं बेअरिंग घेता. त्याच्या मागे-पुढे तीनशे मीटर लोखंड असतं.

मुंबईत आणखी एक भानगड आहे. कुलाबा, मलबार हिल, पलीकडे न्हावाशेव्याच्या क्रेन, असा सगळीकडून उजेड. त्यात जहाजाचे दिवे मिसळून जातात. त्यामुळे मी जहाजाचे दिवे शोधतोच, पण त्याहून जास्त काळोख शोधतो. किनाऱ्यावरच्या दिव्यांची माळ एका जागी तुटली आणि ती तुटलेली जागा सरकू लागली, की मधे काहीतरी आहे हे नक्की.

“आपण शिडावर आहोत, तो बाजूला होईल”

हा दुसरा आवडता गैरसमज. शिडाचं प्रशिक्षण घेतलं की पहिल्या आठवड्यात माणूस शिकतो : इंजिनाच्या जहाजाने शिडाच्या नौकेला वाट द्यायची. नियम खरा आहे. पण १९७२च्या त्याच, समुद्रावरच्या टकरी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला नववा नियम वाचायचा कंटाळा येतो. तो सांगतो की शिडाच्या नौकेने आणि २० मीटरपेक्षा लहान कुठल्याही नौकेने, अरुंद चॅनेलच्या (खोल पाण्याच्या वाटेच्या) आतूनच सुरक्षित जाऊ शकणाऱ्या जहाजाच्या वाटेत यायचं नाही. मुंबईच्या चॅनेलमधलं भरलेलं जहाज नेमकं तसंच असतं. दोन्ही बाजूंना उथळ, वळायला जागा नाही, थांबायचं तर कित्येकशे मीटर पुढे जाऊन थांबणार.

काही हंगामांपूर्वी एका ओळखीच्या गृहस्थांच्या २६ फुटी नौकेवर मी पाहुणा होतो. नौका नवी, हौस दांडगी. मांडव्याहून रात्री साडेदहाला निघालो. मतलई, म्हणजे रात्री जमिनीकडून येणारा वारा नुकता धरत होता, ओहोटी लागली होती. बरोबर रेवसकडचे एक कोळीकाका होते, नौका सांभाळायला ठेवलेले. निम्म्या वाटेवर डावीकडे, कुलाब्याच्या टोकाजवळच्या प्राँग्ज दीपगृहाच्या बाजूला, दोन पांढरे दिवे आणि खाली एक हिरवा.

“हिरवा आहे,” मालक म्हणाले. “म्हणजे तो आपल्या डावीकडून येतोय. वाट त्याने द्यायची. आणि आपण शिडावर.”

मी म्हटलं, “साहेब, बेअरिंग घ्या. आणि तो चॅनेलमध्ये आहे.”

“अहो, त्याला आपण दिसतोय. एवढा ट्रायकलर, तीन रंगांचा दिवा, लावलाय वर.”

काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त इंजिनाकडे पाहिलं.

बेअरिंग आधी सरकत होतं, हे खरं. तो आपल्या पुढून निघून जाईल असंच वाटत होतं. पण चॅनेल सरळ नसतं. न्हावाशेव्याकडे वळायच्या जागी जहाजही वळतं, आणि मग आधी घेतलेले सगळे आकडे रद्द. दोन पांढरे दिवे, मागचा उंच, पुढचा ठेंगणा, एकमेकांकडे सरकू लागले. मग एकाखाली एक आले. हिरव्याच्या शेजारी लाल उगवला. दोन्ही पांढरे एका रेषेत आणि लाल-हिरवा दोन्ही दिसतायत, याचा अर्थ एकच : नाळ तुमच्यावर रोखलेली आहे.

आता मालकांनी सुकाणू थोडं उजवीकडे घेतलं. मग वाटलं नको, थोडं डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे. जहाजावरून बघणाऱ्याला यातलं काहीच कळणार नाही. त्याला एक दिवा जागच्या जागी डुचमळताना दिसेल. पाच छोटे भोंगे आले. तुमचं काय चाललंय ते मला कळत नाही, असा त्या पाच भोंग्यांचा अर्थ. काकांनी मालकांना हाताने बाजूला केलं (साहेबबिहेब काही म्हटलं नाही), सुकाणू घेतलं आणि नौका पार उलटी फिरवली, मांडव्याच्या दिशेने. मी इंजिन सुरू केलं. ते लागलं, दोन मिनिटं चाललं आणि खोकून बंद पडलं. काका सुकाणू न सोडता ओरडले, “टाकीचा वायसर उघडा!” पेट्रोलच्या टाकीवरचा हवेचा स्क्रू बंद होता. तो उघडला, पंप दाबला, इंजिन परत लागलं. तेवढ्यात कुलाब्याचे दिवे एका टोकापासून विझत गेले आणि शीड मेल्यासारखं पडलं, कारण जहाजाने वाराही अडवला. ते आमच्या मागून गेलं. किती अंतरावरून, ते विचारू नका; रात्री अंतर कळत नाही, हे वर लिहिलंच आहे.

मालक नंतर म्हणाले की भोंगा जरा लवकर द्यायला हवा होता त्याने. यावर मी काय बोलणार?

या गोष्टीतून मी स्वतःसाठी काही सवयी काढल्या. चॅनेलला पोहोचायच्या आधी इंजिन सुरू करून पाच मिनिटं चालवून बघायचं, मग न्यूट्रलमध्ये चालूच ठेवायचं. शिडाच्या शांततेची मजा ज्याला हवी असेल त्याने ती चॅनेलच्या अलीकडे-पलीकडे घ्यावी. ओलांडायचं ते काटकोनात, नाळ चॅनेलला आडवी ठेवून. तिरकं जाऊन वेळ वाचत नाही, वाटेत राहण्याचा वेळ वाढतो. चार नॉटने पाचशे मीटर ओलांडायला चार मिनिटं लागतात, तेवढ्यात १२ नॉटवालं जहाज जवळजवळ दीड किलोमीटर येतं. म्हणून तीन मैलांच्या आत चॅनेलमध्ये काहीही हलताना दिसलं तर मी बॉयच्या (चॅनेलच्या कडेच्या तरंगत्या खुणांच्या) बाहेर, उथळ बाजूला थांबतो. ज्यांना दहा मिनिटं थांबवत नाही, त्यांनी दिवसाच्या रो-रो बोटीने जावं, गाडीसकट जाता येतं.

आणि वळायचंच असेल तर लवकर वळा, ढळढळीत वळा. पाच-पाच अंशांचे तुकडे रात्री कुणाला दिसत नाहीत. त्याला तुमचा दुसऱ्या रंगाचा दिवा दिसला पाहिजे किंवा पाठ दिसली पाहिजे, एवढं वळा.

फोनमधलं अ‍ॅप

“एआयएस आहे ना आमच्याकडे,” असं म्हणून जे फोन दाखवतात, त्यांच्यासाठी. एआयएस म्हणजे जहाजं आपली जागा आणि वेग रेडिओवरून सांगत राहतात ती यंत्रणा. इंटरनेटवरचं ते चित्र किनाऱ्यावरच्या अँटेनांनी पकडलेलं असतं आणि काही मिनिटं शिळं असू शकतं. तीन मिनिटं शिळं म्हणजे १५ नॉटचं जहाज प्रत्यक्षात जवळजवळ चौदाशे मीटर पुढे. शिवाय नेटवर्क गेलं की जहाजं जिथल्या तिथे गोठतात. नौकेवर खरा रिसीव्हर बसवा, जमलं तर ट्रान्समीटरसह. तरीही लक्षात ठेवा की छोट्या नौकांचा साधा क्लास बी संच दोन वॉटचा असतो आणि तीस सेकंदांनी एकदा बोलतो. मोठ्या जहाजाचा साडेबारा वॉटचा दर काही सेकंदांनी. नौदलाची जहाजं एआयएस बंद ठेवून फिरू शकतात, आणि मुंबईत ती कमी नाहीत. मच्छीमार बोटी, डोळ जाळ्यांचे खुंट, वाहून आलेले ओंडके यांचा एआयएस नसतो. पडद्याकडे बघून झालं की मान वर करा. पडद्याच्या उजेडाने गेलेली रात्रीची नजर परत यायला वीस मिनिटं सहज लागतात, म्हणून तो पडदा लालसर आणि अंधुक ठेवा.

दिव्यांचे घोळ, थोडक्यात

डोलकाठीच्या टोकावरचा ट्रायकलर आणि खालचे बाजूचे दिवे दोन्ही एकदम लावू नका. इंजिन गिअरमध्ये टाकलं की तुम्ही इंजिनाची नौका : ट्रायकलर बंद, खालचे दिवे आणि पुढचा पांढरा चालू. शिडं वर असली तरीही. निळ्या-जांभळ्या शोभेच्या पट्ट्या लग्नाच्या वरातीत लावा.

नांगरलेलं जहाज आणि चालतं जहाज यात गल्लत होते. चालत्याचा मागचा पांढरा दिवा उंच असतो. नांगरलेल्याचा पुढचा उंच, आणि शंभर मीटर किंवा त्याहून लांब असेल तर डेकभर उजेड. मुंबईबाहेर नांगरलेल्या जहाजांच्या गावातून जाताना त्यातलं एखादं हळूच निघालेलं असतं. त्याचे डेकचे दिवे विझले की ओळखा.

डोलकाठीवर उभे तीन पांढरे दिवे दिसले तर तो टग, म्हणजे ओढणारी बोट आहे, आणि त्याच्या मागे काहीतरी ओढलं जातंय, ज्याचं शेवटचं टोक टगपासून दोनशे मीटरपेक्षा लांब आहे. टग गेला म्हणून लगेच मागून घुसू नका. ओढलेल्या बार्जचे (मालाच्या सपाट होडीचे) दिवे बहुतेक वेळा मिणमिणते असतात आणि मधला दोर दिसतच नाही. धरमतर खाडीकडे जाणाऱ्या बार्ज स्वतःच्या इंजिनावर असल्या तरी पाण्यात इतक्या खोल बसलेल्या असतात की त्यांना मी जहाजापेक्षा जास्त घाबरतो.

उरलेलं

व्हीएचएफ रेडिओ केबिनमध्ये बंद करून ठेवलेला म्हणजे नसल्यासारखाच. चॅनेल १६ वर कान हवा, आणि हाक मारायची तर नावाने. “डावीकडचं जहाज, डावीकडचं जहाज” याला उत्तर देणारे पाच कॅप्टन असतात, किंवा एकही नाही.

टॉर्च जोरदार हवा आणि हाताशी हवा. शिडावर मारा, पांढरं शीड लांबून दिसतं. ब्रिजवर मारू नका, तिथला माणूस आंधळा होईल.

पुढच्या मोठ्या शिडाखालचा कोपरा कुणीच बघत नाही. एका माणसाचं काम तेवढंच असू द्या, दर पाच मिनिटांनी वाकून बघायचं.

“वैमानिक असतो ना जहाजावर, तो सांभाळेल,” असं म्हणणाऱ्यांनी ७ ऑगस्ट २०१० आठवावा. एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही दोन जहाजं याच बंदराच्या तोंडाशी सकाळच्या उजेडात एकमेकांवर आदळली, चित्रा कलंडली आणि तिच्यावरचे कंटेनर पाण्यात पसरले. दोन मोठ्या जहाजांना दिवसा एकमेकांना टाळता आलं नाही. तुम्ही रात्री, आठ मीटरची नौका घेऊन, त्यांच्याकडून सांभाळून घेण्याची अपेक्षा करताय. आणि हो, बंदरात जहाजाला वाट दाखवणाऱ्या त्या माणसाला वैमानिक नाही, पायलट म्हणतात.

जहाज निघून गेलं की लगेच थर्मास उघडू नका. त्याच्या लाटा जरा उशिरा येतात. नाळ लाटेला तिरकी धरा, माणसं खाली बसवा, आणि मग चहा.