मॉडर्न डान्समधला पूर्वेचा प्रभाव कसा ओळखायचा

मॉडर्न डान्स म्हणजे बॅलेचे नियम सोडून पश्चिमेत उभा राहिलेला नाच. त्यात पूर्वेचं काय आहे हे शोधायचं तर पहिलं काम, कपड्यांकडे बघू नका. मुद्रा, दागिने, धूप दिसला की आपण लगेच 'हा बघा पूर्वेचा प्रभाव' म्हणून मोकळे होतो आणि तिथेच गंडतो. अमेरिकन नर्तकी रूथ सेंट डेनिसचंच घ्या ना, बाईंनी १९०४ मध्ये सिगारेटच्या जाहिरातीत इजिप्तची देवी बघितली, तिथून डोक्यात चक्र सुरू झालं आणि १९०६ मध्ये न्यूयॉर्कला 'राधा' केलं, त्यात देवळातली मूर्ती जिवंत होऊन पाच इंद्रियांचे नाच करते, म्युझिक देलीब नावाच्या फ्रेंच माणसाचं आणि बाई तोवर भारतात आल्याच नव्हत्या! आपली राधा यात नेमकी कुठंय हे विचारू नका.

तरी बाईंना मोडीत काढू नका. कोण कुणाकडे शिकलं ते बघायचं, खरा माल तिथे सापडतो. १९१५ मध्ये त्यांनी नर्तक टेड शॉनबरोबर लॉस एंजेलिसला डेनिशॉन ही शाळा काढली, तिथे योगसुद्धा होता, आणि मार्था ग्रॅहम, डॉरिस हम्फ्री या पुढे मॉडर्न डान्स गाजवणाऱ्या दोघी तिथल्याच.

आता व्हिडिओ लावा आणि जमिनीकडे बघा. बॅलेचा क्लास बार (आधाराचा आडवा दांडा) धरून उभ्याने सुरू होतो, ग्रॅहमचा जमिनीवर बसून, आणि हालचाल पोटातून, श्वासातून निघते. आता हे सगळं थेट योगातून उचललं असं छातीठोक सांगणारे भेटतील, त्यांचं फार मनावर घेऊ नका, तिने स्वतःचं बरंच घातलंय, पण बसून सुरुवात करण्यामागे डेनिशॉनचा हात असू शकतो.

मग नाच रचला कसा ते शोधा, मला विचाराल तर सगळ्यात भारी भाग हाच. अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅमचं १९५१ चं 'सिक्स्टीन डान्सेस' आपल्या नवरसांवर बेतलंय, म्हणजे राग, भय, हास्य वगैरे, शेवटी शांत, आणि कुठल्या रसानंतर कुठला यायचा हे ठरवायला गड्याने चक्क नाणं उडवलं. पुढे संगीतकार जॉन केजच्या संगतीने 'ई चिंग' हा कौल लावायचा जुना चिनी ग्रंथ पण आला. स्टेजवर मात्र यातलं काहीच 'पूर्वेचं' दिसत नाही, म्हणून प्रोग्रॅम नोट वाचल्याशिवाय हे कळायचं नाही.

काही ठिकाणी मात्र नोटची गरज नाही, पडणं बघितलं तरी पुरे. अमेरिकन नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन आयकिडो ही जपानी युद्धकला शिकलेला, १९७२ मध्ये ओबर्लिन कॉलेजात 'मॅग्नेशियम' केलं त्यात पोरं मॅटवर एकमेकांवर आदळतात, पडतात, लोळतात आणि शेवटी काही मिनिटं नुसती उभी राहतात. कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे एकमेकांच्या स्पर्शावर आणि वजनावर आयत्या वेळी सुचेल तसा केलेला नाच, इथूनच निघालं. यात पडताना कोणी ताठरत नाही, खांद्यावरून गोल लोळत वजन सोडून देतात, हे आयकिडोतलं पडणं, एकदा ओळखता आलं की इतर कंपन्यांच्या नाचातही दिसायला लागतं.

आणि सरावासाठी शेवटी नर्तक अक्रम खानचा व्हिडिओ लावा, लंडनमध्ये वाढलेला, लहानपणापासून प्रताप पवारांकडे कथक शिकलेला. आवाज बंद ठेवा आणि एकदा फक्त पाय बघा, मग परत लावून फक्त पाठीचा कणा बघा, कथकचं चक्कर कुठे थांबतं आणि अंग कुठे ढिलं सुटतं ते लक्षात येईल.