ड्रेस शेवटी घ्या: हालचालींचा मेळ उशिरा जमणाऱ्या मुलांना कराटे-ज्युडोला घालण्यापूर्वीची तयारी

जून महिन्यात शाळा उघडल्या की मुंबईत सोसायट्यांच्या सभागृहांत, शाळांच्या पटांगणांत आणि जिमखान्यांत कराटे, तायक्वांदो व ज्युडोच्या नव्या तुकड्या सुरू होतात. ज्या मुलाला चेंडू झेलता येत नाही, जिना उतरताना कठडा सोडवत नाही किंवा नववे वर्ष उलटले तरी बुटाची नाडी बांधता येत नाही, त्याच्या आईवडिलांनाही अशा वेळी कोणीतरी ‘कराटेला घाला, सुधारेल’ असा सल्ला देते. सल्ला वाईट नसतो, पण तो देणारा तयारीविषयी काही सांगत नाही, आणि पालक पहिल्याच आठवड्यात ड्रेस विकत घेऊन मोकळे होतात. तयारीच्या यादीत ड्रेस जवळजवळ शेवटी येतो. तयारीचा मोठा वाटा माझ्या मते मोठ्यांच्या अंगावर आहे: मूल वर्गाजोगे आहे का, हे विचारण्याआधी वर्ग त्या मुलाजोगा आहे का, आणि नसल्यास होऊ शकेल का, हे पाहावे लागते.

सर्वांत आधी मुलाची अडचण नेमकी काय आहे, हे लेखी स्वरूपात हाताशी असावे. हालचालींच्या समन्वयाची विकासात्मक अडचण, जिला बोलताना डिस्प्रॅक्सिया म्हटले जाते, शाळकरी वयाच्या सुमारे ५ ते ६ टक्के मुलांत आढळते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात अशी तीन मुले असू शकतात, आणि त्यांतील बऱ्याच जणांच्या वाट्याला ‘वेंधळा’ या शेऱ्यापलीकडे काही आलेले नसते. पाच वर्षे पूर्ण होण्यापूर्वी हे निदान सहसा केले जात नाही, आणि त्यासोबत एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता) किंवा स्वमग्नताही (ऑटिझम) अनेकदा असते. त्यामुळे तपासणी बालविकासतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे जमावीत यासाठी उपचार देणारे तज्ज्ञ) या दोघांकडून झालेली बरी. परळचे वाडिया रुग्णालय, हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था यांसारखी ठिकाणे शहरात आहेत. घराजवळचा अनुभवी थेरपिस्टही चालेल. अहवाल पंधरा पानांचा असला तरी तो जसाच्या तसा सरांच्या हातात देऊ नये. त्यातून अर्ध्या पानाचा मजकूर साध्या मराठीत किंवा हिंदीत काढावा, आणि त्यात मुलाला काय येते, कशा प्रकारे सांगितले की समजते, कशाने तो बिथरतो आणि कोणती हालचाल त्याला कधीही करायला लावायची नाही, एवढेच असावे.

डॉक्टरांना ‘कराटे चालेल का?’ असा मोघम प्रश्न विचारला तर उत्तरही ‘हो, चालेल’ असे मोघमच मिळते. म्हणून वर्गात काय काय करून घेतात ते सांगून एकेका गोष्टीविषयी विचारावे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे, कारण त्यांच्यापैकी काहींच्या मानेतील पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो, आणि कोलांटी, डोक्यावर उभे राहणे किंवा ज्युडोतील फेक यांमुळे मज्जारज्जूला इजा होऊ शकते. एक्स-रे काढायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील, परंतु एक्स-रेत दोष दिसला नाही, म्हणजे कायमचा परवाना मिळाला असे नव्हे. मान दुखणे, मान एका बाजूला कललेली राहणे, चालण्यात बदल होणे, हातांतील जोर कमी होणे किंवा लघवीवरील ताबा नव्याने सुटणे, यांपैकी काहीही दिसल्यास वर्ग त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना गाठावे. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो, म्हणून हृदयाची तपासणीही झालेली असावी. फेफरे येणाऱ्या मुलाच्या डोक्याला मार लागेल असा कोणताही सराव नको. त्याच्या पिशवीत डॉक्टरांनी लिहून दिलेले तातडीचे औषध असावे, आणि झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर १०८ वर फोन करायचा, हे वर्गातील किमान दोन मोठ्या माणसांना ठाऊक असावे. सांधे नेहमीपेक्षा जास्त वळणाऱ्या मुलांची गोष्ट जरा वेगळी आहे. त्यांचे ठोसे पाहायला झोकदार दिसतात, कारण कोपर शेवटी उलट्या दिशेला जाते. नेमके तेच टाळायचे असते. अशा मुलाने कोपर आणि गुडघा पूर्ण ताणण्याआधीच थांबवावे, आणि पाय फाकवून मागून दाब देण्याचा जो प्रकार अनेक वर्गांत चालतो, तो त्याच्यावर मुळीच करू नये. (खरे तर तो कोणत्याच मुलावर करू नये.)

कोणता प्रकार निवडावा याची चर्चा पालक वाजवीपेक्षा जास्त करतात. कराटेतील काता, म्हणजे हालचालींची बांधीव मालिका, एकट्याने, ठरलेल्या क्रमाने करायचा असतो. त्यात अचानक काही घडत नाही, आणि ज्या मुलाला अनपेक्षित गोष्टींचा त्रास होतो त्याला ते मानवते. तायक्वांदोत लाथांवर भर असल्याने एका पायावरचा तोल सतत कसाला लागतो. ज्युडोत अंगाला अंग लागते, पकड घ्यावी लागते. घट्ट दाब आवडणाऱ्या मुलांना हे सुखावते, तर स्पर्श सहन न होणाऱ्यांना नकोसे होते. हाँगकाँगमधील एका अभ्यासात, जो २०१२ साली प्रसिद्ध झाला, समन्वयाची अडचण असलेल्या मुलांनी तीन महिने तायक्वांदोचा रोज सराव केल्यावर एका पायावर उभे राहण्याची त्यांची क्षमता सुधारल्याचे दिसले, आणि त्याच वर्षी इराणमधील अभ्यासात १४ आठवड्यांच्या काता-सरावानंतर स्वमग्न मुलांमधील त्याच त्या हालचाली पुन्हापुन्हा करण्याचे प्रमाण घटलेले आढळले. दोन्ही अभ्यास थोड्या मुलांवरचे आहेत. त्यांवरून प्रयत्न करून पाहण्याजोगा आहे एवढे म्हणता येते, उपचार म्हणून त्याची जाहिरात करता येत नाही. ज्यांना झुंज, गुण आणि पट्टे यांत मुळीच रस नाही, त्यांनी शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात जाऊन मल्लखांबही पाहून यावा. तेथे २०२४ साली पद्मश्री मिळालेल्या उदय देशपांडे यांनी दिव्यांग मुलांनाही मल्लखांब शिकवला आहे.

प्रकारापेक्षा शिकवणारी व्यक्ती अधिक महत्त्वाची आहे, आणि तिला पारखण्यासाठी मुलाला घरी ठेवून एकट्याने जाऊन एक संपूर्ण वर्ग पाहावा. सगळ्यांत चांगल्या मुलाकडे नजर ठेवू नका. सगळ्यांत मागे पडणाऱ्या मुलाचे काय होते ते पाहा. त्याला नावाने हाक मारली जाते का, त्याची नक्कल होते का, चुकल्याबद्दल वीस पुश-अप्स काढायला लावतात का? समन्वयाची अडचण असलेले मूल रोज, प्रत्येक वर्गात चुकणार आहे, आणि चुकीला शिक्षा असलेल्या ठिकाणी ते महिनाभरात पोट दुखते म्हणून सांगू लागेल. एका सरांकडे किती मुले आहेत आणि मदतीला वरच्या पट्ट्याचा एखादा विद्यार्थी आहे का, हेही मोजून घ्यावे. चाळीस मुले आणि एकच सर असतील, तर सर कितीही चांगले असोत, दुसरा वर्ग शोधावा.

सर कुठे उभे राहून शिकवतात, हा मुद्दा बारीक वाटेल, पण इथे जरा थांबले पाहिजे. बहुतेक ठिकाणी सर मुलांकडे तोंड करून उभे राहतात. त्यांचा उजवा हात मुलाच्या डाव्या बाजूला दिसतो, आणि पाहिलेली हालचाल मनात उलटी करून मग स्वतःच्या अंगावर उतरवावी लागते. इतर मुले हे नकळत करतात, या मुलाची मात्र सगळी शक्ती त्यातच खर्च होते आणि हालचालीसाठी काही उरत नाही. सरांनी किंवा मदतनीसाने त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभे राहिले, तर निम्मा गोंधळ कमी होतो. मुलाच्या उजव्या मनगटावर रंगीत पट्टी असावी, उभे राहण्याची जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखलेली असावी, आणि एका वेळी एकच सूचना मिळावी. हात, पाय आणि वळण एकदम शिकवू नये. आधी पाय, ते बसले की हात. शोतोकान कराटेतील हेइआन शोदान हा आरंभीचा काता २१ हालचालींचा आहे. पहिल्या महिन्यांत त्यातील चारच चालतील, असे सरांनी आपणहून म्हटले तर माणूस योग्य आहे असे समजायला हरकत नाही. हात धरून हालचाल करून द्यायची असेल तर आधी विचारूनच स्पर्श करावा, आणि ‘कसे करशील?’, ‘झाले का तसे?’, ‘आता काय बदलशील?’ असे प्रश्न मुलाला विचारावेत. स्वतः योजना करून स्वतः तपासण्याची ही सवय ऑक्युपेशनल थेरपिस्टही लावत असतात, त्यामुळे वर्गातली आणि थेरपीतली भाषा एकच झाल्यास मुलाचे श्रम वाचतात.

हे सगळे सरांशी वर्ग सुटल्यावर, गर्दीत उभ्याउभ्या बोलू नये. वेगळी वेळ मागून घ्यावी आणि अपेक्षाही स्पष्ट सांगाव्यात: पहिले वर्षभर मुलाला झुंजीला उभे करणार नाही, पट्ट्याची परीक्षा त्याच्या गतीने होईल, थकल्यावर त्याला भिंतीशी बसता येईल. ‘आमच्याकडे सगळ्यांना एकच नियम’ असे उत्तर आले तर वाद न घालता निघावे. पालकांना वर्ग दिसेल असे बसू दिले जात नसेल, तर मूल कोणतेही असो, तो वर्ग घेऊ नये. आपल्यावर काय गुदरले हे सांगणे ज्या मुलाला अवघड जाते, त्याच्या बाबतीत हा नियम अधिकच काटेकोरपणे पाळावा.

जागेची पाहणी पावसाळ्यात केलेली उत्तम, कारण मुंबईतील सभागृहांचे खरे रूप जुलैत कळते. लादी ओली होते, पत्र्यावर पाऊस वाजू लागला की सूचना ऐकू येत नाहीत, आणि जोडून पसरलेल्या मॅटच्या कडा उचकटून तिथेच पाय अडखळतात. पडण्याचा सराव असेल तर मॅट किमान ४० मिलिमीटर जाडीची असावी; पातळ मॅट केवळ उभ्या सरावापुरती ठीक. सगळी मुले एकदम ‘किआइ’ म्हणून ओरडतात तेव्हा बंद खोलीत होणारा आवाज काही मुलांना सोसत नाही. त्याची ध्वनिफीत आधी घरी हळू आवाजात ऐकवावी, आणि गरज वाटल्यास कान झाकणारे हेडफोन वापरण्याची परवानगी मागून ठेवावी.

वेळ ठरवताना घड्याळापेक्षा मुलाचा दिवस पाहावा. शाळा, शिकवणी आणि थेरपी आटोपून संध्याकाळी सातच्या गर्दीत अंधेरीहून दादर गाठणारे मूल वर्गात पोहोचते तेव्हाच दमलेले असते, आणि स्नायूंचा ताण मुळात कमी असलेल्या मुलात थकवा आधी हालचालीत आणि मग वागण्यात दिसतो. चालत जाण्याच्या अंतरावरचा साधारण वर्ग हा दोन गाड्या बदलून गाठायच्या नामांकित वर्गापेक्षा बरा. लोकलने जावेच लागले तर अपंगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) असल्यास सोबत ठेवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचाही उल्लेख केला आहे, परंतु त्यासाठीच्या तपासणीचा भर वाचन, लेखन आणि गणितावर असल्याने केवळ हालचालींची अडचण असलेल्या मुलाकडे असे कार्ड सहसा नसते.

घरची तयारी पहिल्या वर्गाच्या तीन-चार आठवडे आधी सुरू करावी, आणि तीत ठोसे-लाथा नकोत. पट्टा बांधणे हे मोठे काम आहे: दोन्ही हात वेगवेगळे चालवायचे, तेही पोटाशी, नीट न दिसणाऱ्या जागी. सुती ओढणी घेऊन सगळी गाठ मोठ्यांनी मारावी आणि शेवटचा ओढा मुलाने द्यावा. ते जमले की शेवटून दुसरी पायरीही त्याच्याकडे सोपवावी, आणि असे उलट क्रमाने सुरुवातीपर्यंत यावे. प्रत्येक वेळी काम त्याच्याच हातून पुरे होते, म्हणून तो कंटाळत नाही. अनवाणी चालणे नकोसे वाटणाऱ्या मुलाला आधी घरात चटईवर, मग गच्चीवर चालवावे. गादीवर बसून मागे पडताना हनुवटी छातीला टेकवायची आणि तळहात बाजूला आपटायचे, एवढे आले तरी पुरे. मानेची शंका असलेल्या मुलाला मात्र डॉक्टरांच्या होकाराशिवाय हेही शिकवू नये. वर्गाची जागा, सर, चपला काढण्याची जागा आणि स्वच्छतागृह यांचे फोटो क्रमाने दाखवून तिथे काय काय होणार हे सांगावे.

आता ड्रेस. नवा कोरा ड्रेस कडक असतो आणि मानेशी टोचतो. तीन-चार वेळा धुऊन, आत मऊ सुती बनियन घालून द्यावा, आणि पहिला महिना टी-शर्ट चालेल का ते विचारावे. पावसाळ्यात तो जाड कपडा दोन दिवस वाळत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा वर्ग असेल तर जास्तीची पँट लागते. पिशवीत पाण्याची बाटली, पंचा, कोरडे कपडे आणि नखे कापायचा विसर पडल्यास नेलकटर असावा.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे आधी पोहोचावे, तासाच्या वर्गातून अर्ध्या तासाने निघायचे असे आधीच ठरवावे, आणि मूल रमले असले तरी निघावे. घरी आल्यावर पायाची बोटे, नडग्या आणि मनगटे पाहावीत, कारण काही मुले दुखल्याचे सांगतच नाहीत. पुढे वहीत दर आठवड्याला दोनच ओळी लिहाव्यात: एक वर्गाविषयी आणि एक घरातल्या एखाद्या ठरवलेल्या कामाविषयी, जसे कठडा न धरता जिना उतरणे. हालचालीतील सुधारणा सरावलेल्या कृतीत आधी दिसते, बाहेर ती आपोआप उतरतेच असे नाही, म्हणून दुसऱ्या ओळीची गरज. तीन महिन्यांनी ही वही थेरपिस्टला दाखवावी आणि पट्ट्याच्या परीक्षेचा निर्णय त्यानंतर घ्यावा. परीक्षा द्यायची असेल तर ती गर्दीच्या मोठ्या केंद्रावर न होता नेहमीच्या सभागृहात, नेहमीच्या सरांसमोर होईल का, हे फी भरण्याआधी विचारावे.