जुन्या डिझेल पंपाचं काम शिकायचंय? आधी उस्ताद पारखा

आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून आलेली मुलं विचारतात, कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या इंजिनांच्या जमान्यात, इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा जुना मेकॅनिकल पंप शिकून करायचं काय? १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हा गाड्यांच्या धुराचा नियम आला, नव्या गाड्यांतून मेकॅनिकल पंप गेला, हे खरंच आहे. पण शेतातले जुने ट्रॅक्टर, क्रशरवरचे जनरेटर, जुन्या टाटा ४०७ आणि बोअरच्या गाड्या अजून त्याच पंपांवर चालतात. त्यांची कामं संपलेली नाहीत, ती नीट करणारे हात मात्र कमी होत चाललेत. हे काम मला मनापासून आवडतं आणि ते नीट शिकणारी पोरं यावीत असं फार वाटतं.

सगळं अवलंबून आहे ते कोणाच्या हाताखाली बसता यावर. पाटी बघून दुकान निवडू नका. तालुक्यातल्या इंजिन मिस्त्र्यांना विचारा, पंप कोणाकडे पाठवता आणि कोणाकडून परत आलेला पंप पुन्हा काढावा लागत नाही? शहाणा मिस्त्री पंप स्वतः उघडत नाही, तो पंपवाल्याकडेच देतो. तीन-चार जणांच्या तोंडी एकच नाव आलं की तिथे जा आणि दिवसभर नुसतं बघत बसा.

पंप आल्या आल्या पाना लागतो की आधी तो टेस्ट बेंचवर, म्हणजे पंप फिरवून डिझेल मोजायच्या यंत्रावर चढतो, हे बघा. चांगला कारागीर उघडण्याआधी रीडिंग घेतो. नेमप्लेटवरचा नंबर वाचून त्या पंपाचा टेस्ट प्लॅन काढतो, कारण किती आरपीएमला हजार स्ट्रोकमागे किती सीसी डिझेल पडायला हवं, हे दर पंपाचं वेगळं असतं. ‘सगळ्यांना एकच सेटिंग चालतं’ म्हणणाऱ्याकडे थांबू नका.

मग हात बघा. एलिमेंटमधला, म्हणजे डिझेल दाबणाऱ्या भागातला प्लंजर (दांडा) आणि बॅरल (त्याची नळी) जोडीनेच घासून बनवलेले असतात, दोघांतली फट जेमतेम दोन-चार मायक्रॉन. या बॅरलचा प्लंजर त्या बॅरलमध्ये गेला की दोन्ही जोड्या बाद. म्हणून जोड्या वेगवेगळ्या कप्प्यांत हव्यात, धुवायला स्वच्छ डिझेल हवं आणि पुसायला चिंधी अजिबात नको, तिचा एक धागाही घात करतो.

इनलाइन पंपात, म्हणजे दर सिलिंडरला वेगळा प्लंजर एका रांगेत असलेल्या पंपात, कामाचा क्रम सांभाळणारा माणूस सापडला तर त्याला सोडू नका. आधी फेजिंग, म्हणजे दर लाइनचं डिझेल सुटायची वेळ जुळवणं: चार सिलिंडरच्या पंपात दोन इंजेक्शनमध्ये पंपाचे ९० अंश, फरक फार तर अर्धा अंश. मग चारही लाइनींची डिलिव्हरी सारखी करायची, आणि शेवटी इंजिनचा वेग आवरणारा गव्हर्नर. डीपीएसारख्या रोटरी पंपाचं तंत्र निराळं. तिथे प्लंजरची एकच जोडी सगळ्या सिलिंडरना पुरवते आणि वंगणही डिझेलचंच, त्यामुळे पाणी मिसळलेलं डिझेल त्याला लवकर मारतं.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ‘जरा पिकअप वाढवून द्या.’ डिझेल वाढवणं सोपं आहे. पण हवा तेवढीच असते, म्हणून धूर काळा होतो, एक्झॉस्ट तापतो, पिस्टनचा माथा वितळू शकतो. अशा वेळी पैसे नाकारून प्लॅनप्रमाणेच सेटिंग देणारा माणूस तुमचा उस्ताद.

सुरुवातीचे महिने धुण्या-खोलण्यात जातील, जाऊ देत. वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा: पंप नंबर, इंजिन, आधीचं रीडिंग, नंतरचं रीडिंग, काय बदललं. आणि उस्ताद पंप बसवायला गाडीवर निघाला की सोबत जाच. स्पिल टायमिंग, म्हणजे पंपाची वेळ इंजिनशी जुळवणं, तिथेच शिकता येतं: एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणायचा, डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून होल्डर परत लावायचा, त्यावर वाकडी नळी बसवायची आणि फ्लायव्हील हळूहळू फिरवत डिझेलची धार तुटून थेंबांवर येते ती जागा पकडायची. हे चुकलं तर बेंचवर बिनचूक निघालेला पंपही धूर काढतो आणि बोल पंपवाल्याला लागतो.