आईबाबांना स्पॅनिश येत नाही आणि बाळाला शिकवायचंय? मग या चुका टाळा

टेक्सास, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा इकडे राहणाऱ्या मराठी घरांमध्ये हा विषय हल्ली फार निघतो. दुकानात, पार्कात, डेकेअरमध्ये सगळीकडे स्पॅनिश कानावर पडत असतं, मग वाटतं की आपल्या पिल्लाला पण लहानपणीच यायला हवी ही भाषा, आणि आपल्याला तर ओला (हॅलो) आणि ग्रासियास (थँक यू) च्या पुढे काही येत नाही. तरी होऊ शकतं, अगदी नक्की. फक्त काही चुकांमध्ये पहिली दोन वर्षं वाया जातात, तेवढ्या टाळा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्क्रीन. स्पॅनिश कार्टून लावून दिलं की बाळ एकटक बघतं आणि आपल्याला वाटतं शिकतंय. सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधल्या भाषा-संशोधक पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या टीमचा २००३ चा प्रयोग प्रत्येक आईबाबांना माहीत असायला हवा. इंग्रजी घरातली ९ महिन्यांची बाळं घेतली, मँडरिन म्हणजे चिनी भाषा बोलणारी माणसं त्यांच्यासमोर बसून खेळली, पुस्तकं वाचली, २५ मिनिटांची १२ सेशन्स, बस. तेवढ्यावर ही बाळं मँडरिनचे आवाज तैवानच्या बाळांइतकेच छान ओळखायला लागली. दुसऱ्या बाळांना तेच सगळं व्हिडिओवर दाखवलं, आणखी काहींना नुसतं ऐकवलं, त्यांच्या पदरात काहीच पडलं नाही. म्हणजे बाळाला भाषा माणसाकडूनच मिळते, जो त्याच्याकडे बघतो, त्याने हुंकार दिला की उत्तर देतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिएट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा १८ महिन्यांच्या आत स्क्रीन नकोच म्हणते, व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. तो चालतो कारण पलीकडे खरा माणूस असतो.

मग माणूस आणायचा कुठून? नॅनी, डेकेअर, शेजारी, लायब्ररीचा बायलिंग्वल स्टोरीटाइम (दोन भाषांत गोष्टी सांगतात तो). यातला स्टोरीटाइम बऱ्याच पब्लिक लायब्रऱ्यांमध्ये फुकट असतो पण आठवड्यातून एकदाच, त्यामुळे एकट्या त्याच्यावर भागत नाही. कूल यांच्याच संस्थेने स्पेनमधल्या माद्रिदच्या सरकारी पाळणाघरांमध्ये उलटा प्रयोग केला होता, स्पॅनिश घरातल्या बाळांना इंग्रजी, रोज १ तास, १८ आठवडे, सगळं खेळत खेळत, आणि बाळं खरंच इंग्रजी शब्द बोलायला लागली. तेव्हा शनिवारी तीन तास कोंबण्यापेक्षा रोजचा एक तास बघा.

आता नॅनीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. मेक्सिको किंवा ग्वातेमालाच्या ताई कामाला येतात, आपण खूश, आणि दोन महिन्यांनी कळतं की त्या बाळाशी तुटक्या इंग्रजीत बोलतायत. यात त्यांचं काही चुकत नाही, घरातले इंग्रजी बोलतात म्हणजे त्यांना तेच हवं असणार असं त्यांना वाटतं. पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की बाळाशी फक्त स्पॅनिश बोला, आम्हाला कळलं नाही तरी चालेल. आणि फ्लॅशकार्डं हातात देऊन शिकवणी घ्यायला लावू नका! आंघोळ घालताना, भरवताना, कपड्यांच्या घड्या घालताना त्या त्यांच्या बाळाशी जशा बोलल्या असत्या तसं बोलू द्या. त्यांनी ज्यूसला हुगो म्हटलं आणि तुमच्या ॲपने थुमो म्हटलं तर ॲप स्पेनचं बोलतंय, ताई लॅटिन अमेरिकेचं, दोन्ही बरोबर. ताईंना दुरुस्त करायला जाऊ नका.

दुसरी चूक मला जास्त लागते. स्पॅनिशच्या नादात मराठी बंद करणं. काही घरांत आईबाबा स्वतः ॲपवरून शिकलेली चार वाक्यं दिवसभर बाळाशी बोलत बसतात आणि जी भाषा त्यांच्या तोंडात भरभरून आहे, ज्यात रागावता येतं, लाड करता येतात, आजीशी फोनवर गप्पा होतात, ती मागे पडते. असं करू नका प्लीज. स्पॅनिश दुसऱ्या माणसाकडून येऊ दे, तुम्ही मराठीच बोला. इंग्रजी शाळेत आपोआप येतं, मराठी तशी येणार नाही. हौस म्हणून स्पॅनिश चित्रांचं पुस्तक एकत्र वाचायला काहीच हरकत नाही, फक्त वाचताना इंग्रजीसारखं ट आणि ड करू नका, त्यांचा आवाज आपल्या त आणि द च्या जवळचा आहे, आणि प, त, क आपल्यासारखेच, इंग्रजीसारखी हवा न सोडता. मराठी माणसाला हे उच्चार इंग्रजांपेक्षा सोपे जातात.

मूल तिन्ही भाषांची खिचडी करतंय म्हणून घाबरून एक भाषा बंद करू नका, मिसळणं नॉर्मल आहे आणि जास्त भाषांमुळे बोलणं लांबतं हे खरं नाही. शब्द मोजायचेच तर सगळ्या भाषांचे मिळून मोजा. तरी दोन वर्षांचं झालं आणि सगळं मिळून ५० शब्दही नाहीत, किंवा दोन शब्द जोडून बोलत नाही, तर डॉक्टरांना दाखवा, वाट बघत बसू नका.

मुलाला स्पॅनिश समजतं सगळं पण उत्तर इंग्रजीत देतं? हे तर फारच कॉमन आहे. पाहुण्यांसमोर ‘बोल ना बाळा, स्पॅनिशमध्ये म्हणून दाखव’ हे आधी थांबवा, मुलं त्याने अजूनच गप्प होतात. त्यापेक्षा स्पॅनिश बोलणारी मुलं जिथे खेळतात तिथे न्या, आपल्याला खेळात घ्यावं असं वाटलं की मूल बोलतंच.

शेवटचं, नॅनी सुटली किंवा डेकेअर बदललं की मुलं भाषा फार पटकन विसरतात, तेव्हा पुढची सोय आधीच बघून ठेवा. बऱ्याच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये किंडरगार्टनपासून स्पॅनिश ड्युअल लँग्वेज वर्ग (इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत शिकवणारे) असतात, कुठे सुरुवातीला ९० टक्के स्पॅनिश तर कुठे निम्मंनिम्मं, आणि जागा अनेक ठिकाणी लॉटरीने मिळतात. फॉर्मची तारीख शाळा सुरू व्हायच्या कितीतरी महिने आधी असू शकते, म्हणून मूल चार वर्षांचं झालं की चौकशी सुरू करा, आणि वर्गातल्या किती मुलांच्या घरी स्पॅनिश बोलतात हे तिथे आवर्जून विचारा.