जुन्या टर्नटेबलचे भाग बदलण्यापूर्वी या चुका टाळा

वडिलांचे किंवा काकांचे टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र) माळ्यावरून खाली काढणारी बरीच मंडळी आता इंदुरात भेटतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न "कोणते कार्ट्रिज घेऊ?" असाच असतो; कार्ट्रिज म्हणजे सुई धरून तिच्या कंपनांची वीज करणारा भाग. हाताशी असलेले यंत्र आज नेमके कसे चालते आहे, याची चौकशी क्वचितच कोणी करतो. यंत्र निर्मात्याने ठरवलेल्या स्थितीत परत आल्याखेरीज त्यातला कोणता भाग कमी पडतो हे कळण्याचा मार्ग नाही, असे माझे ठाम मत आहे. पुढे सांगितलेल्या चुकांपैकी बहुतेक या उलट क्रमातूनच होतात.

वेग न मोजता खरेदी

रामबागेत राहणाऱ्या माझ्या एका परिचितांच्या थोरल्या भावाचे थोरेन्स टीडी १६० हे टर्नटेबल, भावाच्या निधनानंतर, पुतण्याने न्यू जर्सीहून आणून दिले. तिकडच्या आणि इकडच्या व्होल्टेजमधला फरक त्यांना ठाऊक होता, म्हणून त्यांनी ट्रान्सफॉर्मर घेतला आणि यंत्र फिरू लागले. आवाज जरा जड वाटत होता, पण उस्ताद अमीर खाँ यांचा अतिविलंबित झुमरा हेच त्यांचे मुख्य ऐकणे असल्यामुळे लय आणखी संथ झाल्याचे त्यांच्या लवकर लक्षात आले नाही. तो जडपणा रेकॉर्डच्या आवाजाची खोली आहे असेच ते समजत राहिले. पुढे द्रुत तराणा लावल्यावर शंका आली. "काका, बेल्ट ढिला पडला असेल, नवा मागवू," असे पुतण्याने फोनवर सांगितले. नवा बेल्ट आला, मग दुसऱ्या ठिकाणाहून आणखी एक बेल्ट आला, मग बेअरिंगमधले तेल बदलले, आणि अखेरीस नवी मोटर व तिच्यासाठी बाहेरून जोडायचा इलेक्ट्रॉनिक वीजपुरवठा मागवण्याची तयारी झाली, ज्यांच्या एकत्रित किमतीत एक उत्तम कार्ट्रिज सहज आले असते.

माझी तपासणीची रीत जुनी आहे. प्लॅटरच्या (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीच्या) कडेला कागदाची चिठ्ठी लावायची, रेकॉर्डवर सुई ठेवायची आणि घड्याळ लावून तीन मिनिटे फेऱ्या मोजायच्या. मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांच्या हिशेबाने त्या बरोबर शंभर भराव्या लागतात. त्यांच्याकडे त्र्याऐंशीच्या थोड्या वर भरल्या, म्हणजे अपेक्षित वेगाच्या पाच-षष्ठांश, आणि पन्नास भागिले साठ म्हणजेही पाच-षष्ठांशच. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची वारंवारता (सेकंदाला होणारी आवर्तने) बदलत नाही. या यंत्रातली सिंक्रोनस मोटर मात्र वारंवारतेप्रमाणेच फिरते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची असते आणि आपल्याकडे ५० हर्ट्‌झची, त्यामुळे इथे मोटर हळू फिरते आणि ती तूट भरून काढण्यासाठी तिच्या दांड्यावर अधिक व्यासाची पुली लागते. दोन्ही बेल्ट निर्दोष होते, मोटरही निर्दोष होती, फक्त पुली अमेरिकेतली होती. ती बदलल्यावर फेऱ्या शंभर भरल्या. मागवायचा तो वीजपुरवठा ६० हर्ट्‌झ देणारा निघाला असता, तर योगायोगाने वेग बरोबर झालाही असता, आणि मोटर बदलल्यामुळेच सुधारणा झाली असे सगळ्यांनी ठामपणे मानले असते.

इतकी चूक सुरात केवढी पडते, तेही पाहावे. वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक म्हणजे अर्धा स्वर. पाच-षष्ठांश वेगाने काळी एकमध्ये गाणारा गायक खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली उतरतो. घरात हार्मोनियम असेल आणि गायकाची पट्टी माहीत असेल, तर एका मिनिटात निदान होते. पण नवशिक्यांना आधी वस्तू मागवायची असते आणि कान नंतर लावायचा असतो.

वेग ठीक नाही म्हणून स्टॅबिलायझर घेणारेही मी पाहिले आहेत. सिंक्रोनस मोटरचा वेग व्होल्टेजवर ठरत नसल्यामुळे त्या खर्चाचा वेगाच्या दृष्टीने उपयोग नाही. वीज गेल्यावर चौकोनी लहर देणाऱ्या साध्या इन्व्हर्टरवर तर टर्नटेबल चालवूच नये, कारण मोटर घरघरते आणि तापते. स्ट्रोबची चकती (वेग बरोबर असताना जिच्यावरच्या खुणा स्थिर दिसतात ती) वापरणार असाल तर ५० हर्ट्‌झसाठी ३३ १/३ वेगाच्या कड्यात १८० खुणा असाव्या लागतात, आणि प्रकाश निऑनचा किंवा जुन्या तारेच्या दिव्याचा असावा. अनेक एलईडी दिव्यांच्या प्रकाशाची उघडझाप विजेच्या तालावर होत नाही, म्हणून खुणा स्थिर दिसतच नाहीत आणि माणूस विनाकारण घाबरतो.

आर्म न पाहता महागडे कार्ट्रिज

हा माझ्या विशेष रागाचा विषय आहे. कार्ट्रिज आणि टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) यांची जोडी जमावी लागते, आणि ती किमतीवरून जमत नाही. आर्मचे परिणामी वस्तुमान (हलताना सुईच्या टोकाशी जाणवणारे), कार्ट्रिज व स्क्रू यांचे वजन, ही बेरीज ग्रॅममध्ये घ्यावी. तिला सुईच्या लवचिकतेच्या आकड्याने गुणावे. गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याने १५९ ला भागावे. उत्तर, म्हणजे ही जोडी आपोआप डोलू लागते ती वारंवारता, ८ ते १२ हर्ट्‌झच्या दरम्यान यावे. बेरीज २० ग्रॅम आणि लवचिकता २० असेल तर उत्तर जवळजवळ ८ येते, म्हणजे चालून जाते. पण जुन्या जड आर्मला, बेरीज ३३ ग्रॅम भरत असताना, ३५ लवचिकतेची मऊ सुई लावली तर उत्तर पाचाच्याही खाली जाते, आणि मग किंचित वाकलेली रेकॉर्ड किंवा शेजारून चालणारा माणूस एवढ्यानेही सुई डोलू लागते. जपानी कार्ट्रिजची लवचिकता पुष्कळदा १०० हर्ट्‌झवर मोजून छापलेली असते. हिशेबासाठी ती पावणेदोन ते दोनपट धरावी लागते. एवढा हिशेब कागदावर करण्यास पाच मिनिटे लागतात, आणि ती न काढता कार्ट्रिज मागवणाऱ्याला मी सल्ला देणे सोडून दिले आहे.

मूव्हिंग कॉइल (सुईबरोबर तारेचे वेटोळे हलणाऱ्या) कार्ट्रिजचे आकर्षण हा याच चुकीचा दुसरा भाग आहे. साधे मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलणारे) कार्ट्रिज ४ ते ५ मिलिव्होल्ट देते, तर कमी आउटपुटचे मूव्हिंग कॉइल ०.२ ते ०.५ मिलिव्होल्टच देते. जुन्या अॅम्प्लिफायरच्या फोनो इनपुटला ते पुरत नाही, आवाज वाढवावा लागतो आणि त्याबरोबर खरखरही वाढते. मग नवा प्रीअॅम्प (मुख्य अॅम्प्लिफायरच्या आधी क्षीण संकेत वाढवणारा) घ्यावा लागतो, आणि एका सुधारणेची तीन बिले होतात.

त्यापेक्षा मी आधी फक्त सुई बदलतो. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास टिकते. रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी ऐकणाऱ्याची सुई दोन ते चार वर्षांत संपते, आणि माळ्यावरच्या यंत्राची सुई किती चालली आहे हे घरात कोणालाच सांगता येत नाही. सराफ्यातल्या भिंगाने कँटिलिव्हर (सुई धरणारी बारीक काडी) वाकलेला दिसतो, धूळ दिसते, पण टोकाची झीज दिसत नाही. त्यासाठी शंभर-दोनशे पट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक लागतो. कार्ट्रिजच्या काही मालिकांत तर सुई बदलणे हीच खरी बढती असते: ऑर्टोफॉन २एम रेडच्या अंगावर (मुख्य भागावर) त्याच मालिकेतल्या वरच्या दर्जाच्या ब्लूची सुई बसते, आणि ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ मालिकेत साध्या अंगावर वरच्या दर्जाची, तसेच मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डसाठी वेगळी, सुई लावता येते. शुअर कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणे थांबवले, म्हणून चांगली शुअर कार्ट्रिज टाकून देणारेही भेटले. त्यांतील अनेकांसाठी जपानच्या जिको कंपनीच्या सुया मिळतात.

नवे कार्ट्रिज बसवताना कोन जुळवण्याचा कागद छापला, की त्यावरील मोजपट्टी खऱ्या पट्टीशी ताडून पाहावी. प्रिंटर पान आपोआप लहान करतो, आणि मग रेकॉर्डच्या केंद्रापासून ६६ व १२०.९ मिलिमीटरवरचे, कोन जुळवायचे बिंदू भलत्याच जागी येतात. कार्ट्रिजच्या पिनांना थेट डाग देऊ नये. उष्णतेने आतली बारीक तार तुटते.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

सुई उडते म्हणून हेडशेलवर (आर्मच्या टोकाशी कार्ट्रिज धरणाऱ्या भागावर) रुपयाचे नाणे ठेवू नये. २०११ मध्ये आलेले नाणे ३.७९ ग्रॅमचे आहे. दोन ग्रॅम भार मागणाऱ्या सुईवर ते ठेवल्यास भार जवळजवळ सहा ग्रॅम होतो.

एलपीच्या सुईने ७८ ची रेकॉर्ड वाजवू नये, आणि लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल लावू नये, कारण त्यात लाख विरघळते.

मोटरची गती प्लॅटरला पोचवणाऱ्या आयडलर चाकाचे रबर सँडपेपरने घासू नये.

गुणगुण येते म्हणून प्रीअॅम्प बदलण्यापूर्वी अर्थची तार जोडली आहे का, ते पाहावे.

एचएमव्हीच्या जुन्या पेटी-प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असेल तर त्याजागी मॅग्नेटिक बसवू नये. तो आर्म हलका भार पेलण्यासाठी केलेला नसतो आणि आतल्या अॅम्प्लिफायरमध्ये त्यासाठी लागणारी, रेकॉर्ड करताना बदललेला खर्ज-तार आवाजाचा तोल पूर्ववत करणारी आरआयएए रचनाही नसते. असे प्लेअर जसे आहेत तसेच चालवावेत.

एका वेळी एकच भाग बदलावा आणि ओळखीच्या त्याच दोन-तीन रेकॉर्ड ऐकून पुढचा विचार करावा. बेल्ट, सुई आणि प्रीअॅम्प एकाच रविवारी बदलणाऱ्याला फरक कशाने पडला हे कधीच सांगता येत नाही, आणि तरी तोच इतरांना सर्वांत ठामपणे सल्ला देतो.

काढलेला मूळ भाग, मग तो झिजलेला का असेना, चिठ्ठी लावून पिशवीत ठेवावा. मी चिठ्ठीवर तारीख, सुईचा भार आणि वापरलेले तेल लिहितो. पुढे नवे आयडलर चाक किंवा पुली खरादवाल्याकडून करून घ्यायची वेळ आली, तर त्याला माप घेण्यासाठी तो जुना तुकडाच द्यावा लागतो.