चिनी अक्षराचं मूळ शोधायचं तर

गेली सात वर्षं मी एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर एखाद्या चिनी अक्षराची सगळीकडे सांगितली जाणारी गोष्ट लिहिते आणि उजव्या पानावर त्याच अक्षराचं सापडेल तितकं जुनं रूप पेन्सिलीने उतरवते. बऱ्याचदा दोन्ही पानं जुळतात. माणूस झाडाला टेकला की 'विश्रांती', दोन झाडं म्हणजे 'वन', तीन म्हणजे 'अरण्य'. पण ही लिपी मला कळायला लागली ती न जुळणाऱ्या पानांमुळे.

पहिलं असं पान 'पूर्व' या अक्षराचं, उच्चार तोंग. आजच्या रूपात झाडाच्या मधोमध सूर्य दिसतो. झाडाआडून सूर्य वर येतो ती पूर्व, असं मी शिकायला येणाऱ्यांना दोन वर्षं मनापासून सांगत होते. मग तीन हजार वर्षांपूर्वीच्या हाडांवर कोरलेलं, म्हणजे सापडणारं सर्वांत जुनं रूप पाहिलं. त्यात झाडही नाही आणि सूर्यही नाही. दोन्ही तोंडं दोरीने आवळलेली एक पिशवी आहे. 'पूर्व' हा शब्द चित्रात दाखवायचा कसा? म्हणून जवळच्या उच्चाराचं हे चिन्ह उसनं घेतलं. ज्यांना चुकीचं सांगितलं होतं त्यांना पुन्हा बोलावून मी ते पान दाखवलं.

सूर्याची ती गोष्ट श्यू शेन या हान काळातल्या पंडिताच्या कोशात आहे. इ.स. १०० मध्ये पूर्ण झालेल्या 'श्वोवेन च्येत्झ' या कोशात ९,३५३ अक्षरं ५४० वर्गांत लावली आहेत. काम अफाट आहे आणि आजही त्याच्यावाचून चालत नाही. मात्र त्याच्यासमोर होती ती मुख्यतः छिन काळातली (इ.स.पू. तिसरं शतक) मुद्रालिपी, म्हणजे पुढे शिक्क्यांवर टिकून राहिलेली जुनी वळणदार लिपी. त्याहून हजार वर्षं जुनी रूपं तेव्हा हनान प्रांतातल्या आन्यांगच्या, म्हणजे शांग घराण्याच्या जुन्या राजधानीच्या, मातीखाली होती. ती विद्वानांच्या नजरेत आली १८९९ मध्ये. 'ड्रॅगनची हाडं' म्हणून औषधात वापरल्या जाणाऱ्या तुकड्यांवर लिपी आहे हे ओळखण्याचं श्रेय वांग यिरोंग या विद्वान अधिकाऱ्याला दिलं जातं. आन्यांगला रीतसर उत्खनन सुरू झालं १९२८ मध्ये. शांग राजे कासवाच्या पोटाकडच्या कवचावर आणि बैलाच्या खांद्याच्या हाडावर उष्णता देऊन तडे पाडत, त्यावरून कौल घेत आणि प्रश्न तिथेच कोरून ठेवत.

म्हणून अक्षर हातात घेतलं की आधी त्याचं पारंपरिक रूप शोधा. १९५६ पासून चीनमध्ये सोपी केलेली रूपं आली. ती लिहायला सोयीची आहेत, पण त्यांत मूळ चित्राचे दुवे अनेकदा तुटलेले असतात. मग जुनी रूपं काळानुसार ओळीने मांडा: हाडांवरचं, कांस्यपात्रांवरचं, मुद्रालिपीतलं. तैवानच्या अकादेमिया सिनिकाच्या 'श्याओश्वेथांग' या संकेतस्थळावर ही रूपं एकत्र पाहता येतात. एकाच काळातली चार-पाच रूपं तरी बघा, कारण कोरणारा हात प्रत्येक वेळी वेगळा असे. सूर्य चौकोनी दिसला तर त्याचा अर्थ लावत बसू नका. हाडावर सुरीने गोल काढणं अवघड असतं, एवढंच. घोडा, कुत्रा, डुक्कर ओळखता येईना तर कागद आडवा फिरवा. उभ्या ओळीत मावावेत म्हणून हे प्राणी शेपटीवर उभे केलेले आहेत.

रूप पाहताना हाताची आणि पायाची चिन्हं आधी हेरा. 'करणं' या अर्थाच्या वेई या अक्षराला श्यू शेन माकडीण म्हणतो. हाडांवर मात्र हत्ती आहे आणि त्याच्या सोंडेशी माणसाचा हात. त्या काळी हनानमध्ये हत्ती होते, आन्यांगला त्यांची हाडंही मिळाली आहेत. हे चित्र मी पहिल्यांदा उतरवलं त्या दिवशी दुसरं अक्षर घ्यावंसंच वाटलं नाही.

पायाने असाच एक मोठा गैरसमज सुटतो. युद्धाशी संबंधित 'ऊ' या अक्षरात 'थांबणं' आणि 'भाला' आहे, म्हणून शस्त्र थांबवणं हेच खरं शौर्य, असा अर्थ सांगतात. इ.स.पू. ५९७ च्या लढाईनंतर छू राज्याच्या च्वांग राजाने तो सांगितल्याची नोंद आहे. विचार थोर आहे. पण ज्या चिन्हाचा पुढे 'थांबणं' असा अर्थ झाला, ते मुळात पाऊल आहे. शस्त्र घेऊन निघालेलं पाऊल. दोन्ही अर्थ वहीत लिहा, फक्त कोणता कोणत्या काळाचा ते शेजारी नोंदवा.

यानंतर उच्चार. ही पायरी गाळली की सगळं फसतं, कारण ८० टक्क्यांहून जास्त अक्षरांत एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो आणि दुसरा निव्वळ आवाज देतो. 'आई' या अक्षरात स्त्री आणि घोडा आहे. आई घोड्यासारखी राबते म्हणून नव्हे. घोडा 'मा' आणि आईही 'मा', फक्त सूर वेगळा. छिंग या उच्चाराच्या भागाला पाणी जोडलं की स्वच्छ, सूर्य जोडला की निरभ्र, वाणी जोडली की विनंती, हृदय जोडलं की भावना. 'येणं' या अर्थाचं लाय हे अक्षर तर मुळात गव्हाचं रोप आहे, तेही आवाजासाठी उसनं घेतलेलं. 'स्वतः' या अर्थाचं अक्षर म्हणजे समोरून काढलेलं नाक. चिनी माणूस आजही 'मी' म्हणताना नाकाकडे बोट नेतो. खऱ्या नाकासाठी मग त्याखाली आवाजाचा भाग जोडून नवं अक्षर करावं लागलं.

हाडांवरच्या सुमारे साडेचार हजार चिन्हांपैकी साधारण एक तृतीयांशच नीट वाचता आली आहेत. उजवं पान कोरं राहिलं तर राहू द्या.

शेवटी अक्षर वाक्यात वाचा. 'चांगलं' या अर्थाच्या हाओ या अक्षरात स्त्री आणि मूल आहे. आई-लेकराची जवळीक म्हणजेच चांगलं, ही गोष्ट सर्वांना आवडते. हाडांवर हीच जोडी ठळकपणे येते ती एका नावात: फू हाओ, वू तिंग राजाची राणी, सैन्याची नेता. तिची कबर १९७६ मध्ये आन्यांगला सापडली. तिच्या बाळंतपणाबद्दल कौल लावलेलं एक कवच आहे. प्रसूती शुभ होईल का, असा प्रश्न. ३१ दिवसांनी तिथेच उत्तर कोरलं आहे आणि त्यात 'शुभ' साठी हे अक्षर नाही, वेगळंच आहे. प्रसूती झाली. शुभ नव्हे. मुलगी.

हाओच्या डाव्या पानावर आई-लेकराची गोष्ट आहे. उजव्या पानावर मी ती ओळ पूर्ण उतरवली आहे.